हाताने रंगवलेला गायवान घेताना काय पाहावे

चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चीनमधील जिंगदेझेन शहराचा म्हणून विकला जाणारा, बाहेरून गुलाबी फुले रंगवलेला २०० मिलीलिटरचा गायवान (चहा करण्याचे झाकण असलेले चिनी भांडे) घ्यावा का, त्यावरचे काम खरोखर हाताचे आहे हे कसे ओळखावे, आणि मैत्रिणीच्या गायवानातून चहा ओतताना बोटे का भाजली, असे आपण विचारले आहे. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण गायवान चांगला की वाईट हे चित्रापेक्षा काठावरून अधिक ठरते.

गायवान म्हणजे वाटी, झाकण आणि बशी. झाकण वाटीच्या काठावर टेकत नाही, ते किंचित आत बसते, आणि त्याच्या वरचा वाटीचा काठ बाहेर पसरलेला असतो. या पसरलेल्या भागाला पाणी लागत नसल्याने तो त्यामानाने थंड राहतो. अंगठा व मधले बोट तिथेच धरायचे आणि तर्जनी झाकणाच्या बोंडावर टेकवायची. पाणी झाकण बसते त्या रेषेच्या वर गेले की काठ तापतो आणि बोटे भाजतात, त्यामुळे आपल्या मैत्रिणीने बहुधा वाटी काठोकाठ भरली असावी. काठ जाड किंवा सरळ उभा असेल, तर मात्र कितीही सराव केला तरी त्रास व्हायचाच. ओतताना झाकण थोडे तिरके करून पाने अडतील आणि पाणी वाहील एवढीच फट ठेवावी.

आता रंगकामाविषयी. निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर कोबाल्टचा रंग कच्च्या मातीवर लावून वर काचेसारखा लेप देतात आणि साधारण १३०० अंश सेल्सिअसला भाजतात. चित्र लेपाखाली बंद होते. आपण पाहिलेली गुलाबी फुले मात्र बहुतेक लेपावरची असणार. ती भाजलेल्या भांड्यावर काढून साधारण ७०० ते ८०० अंशांना पुन्हा भाजतात, म्हणून बोट फिरवल्यास रंगाचा किंचित उंचवटा जाणवतो. दहापट भिंगातून पाहिल्यावर सारख्या अंतरावर छापील ठिपके दिसले तर ते चिकटचित्र आहे. कुंचल्याच्या कामात रंग एका कडेला दाटतो, दुसरीकडे विरतो, आणि दोन पाकळ्या हुबेहूब सारख्या नसतात. बाह्यरेषा छापून आत हाताने रंग भरण्याचा प्रकारही सर्रास चालतो, आणि विक्रेता त्यालाही हस्तचित्रितच म्हणतो. त्याउलट, रेषा एकाने काढणे आणि रंग दुसऱ्याने भरणे ही जिंगदेझेनची जुनी रीतच आहे, तेव्हा तेवढ्यावरून काम कमी दर्जाचे ठरवू नये. बुडावर अठराव्या शतकातील चिनी बादशहा छ्यानलुंग याची मुद्रा असेल तर तिच्याकडे नक्षी म्हणूनच पाहावे. अशा मुद्रा आजच्या भांड्यांवरही सर्रास घालतात.

लेपावरच्या रंगांत पूर्वापार शिसे वापरले जाते. बाहेरच्या अंगावर त्याची फारशी चिंता नाही, पण वाटीच्या आत, झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा ओठ लागतात त्या काठावर असे रंग असतील, तर शिशाच्या चाचणीचा अहवाल मागावा. प्रचलित चाचणीत भांड्यात ४ टक्के ॲसिटिक आम्ल २४ तास ठेवून किती शिसे उतरते ते मोजतात. अहवाल नसेल, तर तो गायवान कपाटात शोभेल.

आकाराविषयी माझे मत स्पष्ट आहे: एकट्यासाठी १०० ते १२० मिलीलिटर पुरेसे आहे. २०० मिलीलिटरचा गायवान भरल्यावर नवख्या हाताला जड जातो आणि झाकण घसरते. १०० मिलीलिटरला ५ ते ६ ग्रॅम उलूंग (काळ्या आणि हिरव्या चहाच्या मधला प्रकार) घेऊन, उकळते पाणी ओतून, सुरुवातीला दहा-पंधरा सेकंदांतच चहा गाळून काढावा, आणि त्याच पानांवर पुन्हापुन्हा पाणी घालावे. हिरव्या चहाला पाणी ८० अंशांच्या आसपास ठेवून पाने कमी घ्यावीत. आपल्या दुधाच्या चहाची पूड यात घालू नये, ती झाकणाच्या फटीतून सरळ कपात उतरते.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून वाटीच्या आतल्या बाजूचे आणि काठाचे जवळून काढलेले छायाचित्र मागवा, आणि सांगितलेले माप काठापर्यंतचे आहे की झाकणाच्या रेषेपर्यंतचे, हेही विचारून घ्या.