इंदुरात पैसेवाल्या लोकांना गुंतवणुकीचा सल्ला द्यायचं काम कसं असतं?

तुम्ही विचारलंय की बी.कॉम. नंतर या लायनीत यावं का आणि दिवसभर शेअर बाजारच बघावा लागतो का. मी इंदुरातच अकरा वर्षं हे करतोय, आधी बँकेत आणि मग स्वतःचं, आणि खरं सांगू, बाजार बघायला मला दिवसातून अर्धा तास पण मिळत नाही.

बराच वेळ फी मागण्यात जातो. सियागंजचे एक सेठजी, म्युच्युअल फंडात दोनेक कोटी, मी वर्षाची फी 60 हजार सांगितली तर म्हणाले, "भिया, फीस काहे की? बँकवाला तो फ्री में बताता है." आता हे फ्री बघा, त्याने सगळं रेग्युलर प्लॅनमधे टाकलेलं, म्हणजे ज्यात विकणाऱ्याचं कमिशन फंडाच्या खर्चातूनच जातं, बिनकमिशनचे डायरेक्ट प्लॅन जानेवारी 2013 पासून आहेत पण ते कोण सांगणार, दोघांच्या खर्चात पाऊण टक्का फरक धरला तरी दोन कोटीवर वर्षाला दीड लाख जातात. चेक फाडावा लागत नाही म्हणून दुखत नाही. हिशोब लिहून दाखवला तर "घर में पूछता हूं" म्हणाले आणि चार महिने फोन नाही.

पण खरं काम लोकांच्या घरातलं. रामबागेतल्या एका काकूंचे मिस्टर गेले तेव्हा कळलं की डिमॅटला, म्हणजे शेअर्सच्या खात्याला, नॉमिनी धाकटा दीर, फॉर्म लग्नाआधीचा, नंतर कोणी बदललाच नाही, मृत्युपत्र पण नाही. दिराला वाटलं पैसे आपलेच. नॉमिनी मालक नसतो, वारसांसाठी सांभाळणारा असतो, शेअर्सबद्दल सुप्रीम कोर्टानेही डिसेंबर 2023 मधे हेच म्हटलंय, पण ते भावोजींना समोर बसवून सांगायचं कोणी, तर मी. तेव्हापासून पहिल्या भेटीत फंडाचं नाव काढत नाही, आधी सगळे नॉमिनेशन दाखवा म्हणतो. लोक चिडतात, अपशकुन वाटतो त्यांना.

यायचंच असेल तर एनआयएसएमची, म्हणजे या लायनीतल्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची, व्ही-ए परीक्षा देऊन डिस्ट्रिब्यूटर व्हा, फंड विकायचे, कमिशन मिळतं, घर लवकर चालतं. नाहीतर एक्स-ए, एक्स-बी देऊन सेबीकडे, म्हणजे बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, सल्लागार म्हणून रजिस्टर व्हा आणि फी घ्या, एकाच क्लायंटकडून दोन्ही घेता येत नाही. मी दुसरं निवडलं, बायकोची शाळेतली नोकरी होती म्हणून जमलं, नाहीतर कठीण होतं.

सेठजी नंतर आले बरं का. 45 हजारावर सौदा जमला, आणि चेक दिला तो पण पुढच्या महिन्याच्या तारखेचा.