ट्यूब अँपमधली घूं शोधताना

हेडफोनच्या ट्यूब अँपमधून (काचेच्या ट्यूबांवर चालणारा अँप्लिफायर) सतत घूं ऐकू येते म्हणतोस, तर आधी लॅपटॉपकडून येणारी इनपुटची वायर काढून ऐक. घूं थांबली तर अँपला दोष देऊ नकोस. लॅपटॉप चार्जरशिवाय चालवून बघ, बऱ्याचदा अर्थिंगचा लूप (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून बनणारं वर्तुळ, ज्यातून घूं शिरते) तिथेच सापडतो. त्यात तू पंचवटीतल्या जुन्या वाड्यात राहतोस, तेव्हा प्लगच्या तिसऱ्या पिनला खरंच अर्थिंग जोडलंय का, हे वायरमनकडून तपासून घे. मला पहिला संशय त्याचाच येतोय.

खरखर एकाच कानात असेल तर अँप बंद कर, ट्यूब निवू दे आणि डावी-उजवी ट्यूब अदलाबदल कर. खरखर दुसऱ्या कानात गेली की ट्यूबच गेली समज. पेन्सिलीने काचेवर हलकी टिचकी मारल्यावर हेडफोनात ठण्ण वाजलं, तर ती ट्यूब मायक्रोफोनिक, म्हणजे धक्क्याचाही आवाज पकडणारी.

100 हर्ट्‌झची जाड घूं बहुधा फिल्टर कपॅसिटरची, म्हणजे आतला वीजपुरवठा सपाट करणाऱ्या भागाची. त्यासाठी अँप मात्र स्वतः उघडू नकोस, प्लग काढल्यावरही आत शेकडो व्होल्ट असू शकतात.