अँबू बॅग जोरात दाबूनही मॅनिकिनची छाती वर येत नाही, काय चुकतंय?

ईएमटी (अँब्युलन्सवरच्या तातडीच्या उपचारांच्या) कोर्सला आहात, तोंडावर मास्क धरून श्वास द्यायची बॅग पूर्ण दाबता तरी मॅनिकिनची, म्हणजे सरावाच्या पुतळ्याची, छाती हलत नाही, हात मात्र भरून येतो आणि सर नुसतं 'सील नाही, सील नाही' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. सर बरोबरच बोलतायत, पण सील, म्हणजे मास्कच्या कडेने हवा गळू न देणं, त्यासाठी नक्की काय करायचं हे कोणी हात धरून दाखवत नाही. मी बरीच वर्षं अँब्युलन्सवरच्या पोरापोरींना हेच शिकवतोय आणि पहिल्या दिवशी दहातले आठ जण तुमच्यासारखंच करतात, मास्क चेहऱ्यावर दाबतात.

मास्क दाबायचा नाही हो, जबडा उचलून मास्कमध्ये आणायचा. अंगठा आणि तर्जनीचा इंग्रजी सी (C) मास्कवर, बाकीची तीन बोटं जबड्याच्या हाडावर, करंगळी कानाखालच्या कोपऱ्याला. हाडावरच हं, हनुवटीखालच्या मऊ भागात बोटं रुतली की जीभ मागे जाते आणि तुम्हीच एअरवे (श्वासाचा मार्ग) बंद करून बसता. मी पहिला अर्धा तास बॅग हातातच देत नाही, नुसता मास्क आणि जबडा. पोरं वैतागतात, वैतागू देत.

आणि एका हाताने जमत नसेल तर त्यात लाज कसली? दोघं असाल तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा, दुसऱ्याने बॅग दाबायची, सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं) चालू असेल तर 30 कॉम्प्रेशन, म्हणजे छातीवरचे दाब, झाल्यावर छाती दाबणाराच दोनदा बॅग दाबू शकतो. दाढीवाला पेशंट, दात नसलेले आजोबा, घाटात हलणारी गाडी, इथे एकट्याने सील धरणं भल्याभल्यांना जमत नाही. कवळी घट्ट बसलेली असेल तर राहू द्या, गाल आत जात नाहीत.

आता जोराचं. मोठ्यांची बॅग साधारण दीड लिटरची असते आणि पेशंटला हवेत 500-600 मिली, म्हणजे पूर्ण पिळायचीच नाही, एका सेकंदात हळू दाबा, छाती उठताना दिसली की सोडा. जास्त जोर लावला की हवा अन्ननलिकेतून पोटात जाते, पोट फुगतं, उलटी होते आणि ती फुफ्फुसात गेली की झालंच मग.

वेगात तर सगळेच फसतात. नाडी आहे पण श्वास नाही अशा मोठ्या माणसाला सहा सेकंदांना एक श्वास. श्वासनलिकेत ट्यूब टाकून सीपीआर चालू असेल तरी तेवढाच. अमेरिकेत मिलवॉकीला खऱ्या कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये (हृदय थांबलेल्या पेशंटवर) मोजलं होतं, 2004 साली छापून आलं, ट्रेनिंग घेतलेले लोक सरासरी मिनिटाला 30 श्वास देत होते! छातीतलं प्रेशर वाढलं की हृदयात परत येणारं रक्त कमी होतं, म्हणजे एकीकडे सीपीआर करायचा आणि दुसरीकडे त्याचाच पाय ओढायचा. मी सरावात मागे उभं राहून 'अहो जोरात मारा, काहीतरी करा' असं नातेवाइकांसारखं ओरडतो आणि गुपचूप मोबाईलवर मोजतो, शांतपणे दहा देणारा मिनिटभरात वीसवर जातो. मनात 'दाबा, सोडा, तीन, चार, पाच, सहा' म्हणत राहा, घड्याळासारखं.

जाता जाता, अँबू हे कंपनीचं नाव आहे, झेरॉक्ससारखं. 1952 च्या पोलिओ साथीत कोपनहेगनला मेडिकलची पोरं पाळ्या लावून हातानेच बॅग दाबत बसायची, आपोआप फुगणारी बॅग तिथेच 1956 मध्ये आली.

उद्या प्रॅक्टिकलला जोडीदाराला बॅग द्या आणि तुम्ही फक्त दोन्ही हातांनी मास्क धरा. छाती उठली तर तुमचा प्रॉब्लेम जबड्यावरच्या बोटांचा आहे, तरीही नाही उठली तर मान नीट मागे केलीये का ते बघा, आणि मॅनिकिनचं फुफ्फुसच फाटलेलं नाही ना तेही. आमच्याकडे तसं दोनदा झालंय, आणि बिचाऱ्या पोरांना मी तासभर ओरडत होतो.