सांगलीकडं 10 गुंठ्यांच्या पॉलिहाऊसचा (प्लॅस्टिक कागदाच्या शेडमधल्या शेतीचा) घराला, गावाला खरंच फायदा होतो का?

होतो. वाळव्याकडं आडसाली उसाचा पैसा यायला दीड वर्ष जातं. पॉलिहाऊसमधला जरबेरा (सजावटीचं फूल) लावल्यापासून तीनेक महिन्यांत फुलावर येतो आणि मग दिवसाआड तोडा, त्यामुळं हातात पैसा खेळता राहतो. तोडणी, फुलाला प्लॅस्टिकची टोपी घालणं, दहा-दहाची गड्डी बांधणं या कामात गावातल्या बायकांना बारमाही रोजगार मिळतो, तोही सावलीत. मला तरी हाच मोठा फायदा वाटतो. ठिबकमुळं पाणीही कमी लागतं.

सरकारी अनुदान मापदंडाच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या खर्चाच्या, 50 टक्के, पण आधी खर्च आपला, पैसे मागाहून. म्हणजे कर्ज आलंच. लग्नसराईत भाव चढतो, पितृपक्षात आपटतो. त्यात बाजारात प्लॅस्टिकची फुलं! उभारणीआधी पुण्याजवळच्या तळेगाव दाभाडेचं पॉलिहाऊस शेतीचं प्रशिक्षण कराच.