वाचकांचे प्रश्न : फॉरवर्ड तपासायचा कसा?

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आठवीला शिकवते. ‘खात्री केल्याशिवाय फॉरवर्ड करू नका’ म्हटलं की मुलं माना डोलावतात आणि घरी जाऊन तेच करतात. एका तासिकेत हे कसं शिकवावं?

उत्तर : खात्री करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे बहुतेक मुलांना कुणी करून दाखवलेलंच नसतं. तेव्हा उपदेश बाजूला ठेवा आणि एकच व्हिडिओ तपासायला घ्या.

मुलं पळवणाऱ्या टोळीचा म्हणून २०१८ मध्ये फिरलेला व्हिडिओ यासाठी योग्य आहे. मोटारसायकलवरचे दोघं गल्लीतल्या मुलाला उचलून नेतात, एवढंच त्यात दिसायचं. मूळ फिल्म कराचीतली, बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेली. तिच्या शेवटी ते दोघं मुलाला परत आणतात आणि फलक दाखवतात. तो शेवटच कापला होता. अशाच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावानं मारून टाकलं. हे मुलांना जरूर सांगा. मारहाणीची दृश्यं मात्र दाखवू नका.

चौघाचौघांचे गट करा. व्हिडिओ तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्यायला लावा आणि ते गूगल लेन्सवर, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगलच्या साधनावर, शोधा. चित्रावर मजकुराची पट्टी असेल तर ती आधी कापायची, नाहीतर शोध त्या अक्षरांच्याच मागे जातो. मुलं हमखास पहिल्या निकालावर थांबतात, आणि तिथं बऱ्याचदा तीच अफवा नव्यानं टाकलेली असते. म्हणून सापडलेली सर्वांत जुनी तारीख आणि ठिकाण वहीत लिहून घ्या.

व्हॉट्सॲपवरचे दुहेरी बाणही दाखवा. मूळ पाठवणाऱ्यापासून पाच किंवा जास्त हातांतून आलेल्या मेसेजवर ते दिसतात. बाण नाहीत म्हणून मेसेज खरा, असं मात्र नाही : मजकूर कॉपी करून नव्यानं पाठवला की ती खूण जाते.

खरी अडचण पुढे येते. मेसेज खोटा निघाला, पण पाठवला मोठ्या काकांनी! ग्रुपवर त्यांना खोडून काढायला मूल धजावत नाही, आणि ते साहजिक आहे. काकांना वेगळा मेसेज करायची सवय लावा : ‘काका, हा व्हिडिओ जुना आणि दुसरीकडचा आहे, लिंक पाठवते. ग्रुपवरून काढाल का?’ हे वाक्य वर्गात प्रत्येकाकडून लिहून घ्या. आमच्या मते तासिकेतली शेवटची दहा मिनिटं यालाच द्यावीत.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची आहे. जन्मसाल बदलून इन्स्टाग्राम काढून द्यावं का?

उत्तर : नको. किमान वय १३ आहे. शिवाय जन्मसाल मागचं टाकून सज्ञान दाखवलं, तर किशोरवयीन खात्यांना आपोआप लागणारी बंधनं तिच्या खात्याला लागणार नाहीत : खातं खासगी राहणं, अनोळखी माणसांचे मेसेज अडणं. वर्षभर थांबा, मग खरी तारीख घालून तिच्या शेजारी बसून खातं उघडा. प्रोफाइलच्या फोटोत शाळेचा गणवेश किंवा बिल्ला दिसू देऊ नका.