मुंबई-नागपूर : अंतर ६८३ किलोमीटर, मग तिकिटावर दीड तास का?

मुंबई ते नागपूर हे अंतर कुठे ६८३, कुठे ७०१ तर कुठे ८३७ किलोमीटर दिसते, विमानाचा वेळही कोणी तासभर सांगतो तर तिकिटावर एक तास पस्तीस मिनिटे असतो, आणि आपल्या आईंना नागपुरात उतरून गोंदियाची गाडी पकडायची असल्याने यातला कोणता आकडा धरावा, असे आपण विचारले आहे.

अंतराचे तिन्ही आकडे खरे आहेत. ते वेगवेगळ्या वाटांचे आहेत, एवढेच. सांताक्रूझच्या विमानतळापासून सोनेगावच्या विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढली तर ती सुमारे ६८३ किलोमीटर भरते आणि छत्रपती संभाजीनगरच्या अगदी जवळून जाते. समृद्धी महामार्ग बराचसा याच रेघेच्या आसपास आखलेला असल्याने त्याची लांबी ७०१ किलोमीटरवरच थांबते, अर्थात ती भिवंडीजवळच्या आमणेपासून मोजलेली आहे. रेल्वे मात्र मनमाडहून वर भुसावळला जाऊन अकोला, बडनेरा, वर्धा करीत येते, म्हणून ८३७. नवी मुंबईहून विमान असेल तर सरळ अंतर पंधराएक किलोमीटरने घटते, पण त्याने वेळात म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

वेळाचा घोळ जरा निराळा आहे. जेट विमान वर पोचल्यावर ताशी आठशे किलोमीटरच्या पुढे जाते, त्यामुळे भागाकार करून पन्नास मिनिटे येतात. परंतु एवढ्या छोट्या पल्ल्यात चढण्या-उतरण्यातच बराच वेळ जातो आणि हवेतला खरा वेळ तासाच्या थोडा पुढे सरकतो. वैमानिक घोषणेत सांगतात तो हाच. तिकिटावरचा वेळ मात्र चाकांखालचे ठोकळे काढून ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलतो तेव्हापासून, नागपुरात विमान जागेवर उभे राहीपर्यंत मोजलेला असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानांची रांग लागते. कंपन्या ती रांग गृहीत धरूनच वेळापत्रक लावतात. रांग नसली की विमान दहा-पंधरा मिनिटे आधी पोचते आणि प्रवासी खूश होतात, ते यामुळेच. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून नागपूरला जाताना थोडा वेळ वाचतो आणि परतताना तोच वसूल होतो.

तेव्हा आईंसाठी तिकिटावरची पोचण्याची वेळ धरावी, हवेतली नव्हे. मी एकदा नेमका उलटा हिशेब केला होता. सामानाच्या पट्ट्यापाशी बॅगेची वाट पाहत उभा असतानाच माझी गाडी स्थानकातून सुटली. उतरून सामान हाती यायला अर्धा तास, सोनेगावहून रेल्वे स्थानकापर्यंतच्या सात-आठ किलोमीटरला टॅक्सीने आणखी अर्धा तास आणि विमानाच्या उशिरासाठी निदान एक तास, असे मिळून दोन तास हाताशी ठेवावेत. संध्याकाळचे विमान असेल तर मी तीन ठेवीन.