सायबर पथकात नवा आलायस? आधी लॉग वाच

हल्ला परतवायच्या जोशात आलायस, हे दिसतंय. पण आपल्या या स्वयंसेवी पथकातलं बरंचसं काम कंटाळवाणं आहे, आधीच सांगून ठेवतो. एस्टोनियात 2007 साली बँका, वर्तमानपत्रं आणि सरकारी संकेतस्थळांवर हल्ले झाले, तेव्हा खासगी क्षेत्रातले तंत्रज्ञही मदतीला धावले. पुढे त्यातूनच तिथलं स्वयंसेवी सायबर पथक उभं राहिलं. ही माणसं आपापली नोकरी सांभाळून सराव करतात.

तू लॉगपासून, म्हणजे यंत्रणेत कोण कधी शिरलं याच्या नोंदींपासून, सुरुवात कर. रात्री तीन वाजता एकाच खात्यावर धडाधड चुकीचे पासवर्ड आणि मग अचानक एक बरोबर, असं दिसलं की थांब. सर्व्हर बंद करायचा मोह होईल. करू नकोस, मेमरीतला पुरावा जातो. नेटवर्कपासून तोडायचं का, हे यंत्रणेच्या मालकाला ठरवू दे. तू आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्या संगणकाचा क्रमांक) आणि वेळ टिपून पथकप्रमुखाला कळव. वेळ कुठल्या टाइमझोनची तेही लिही, नाहीतर नंतर नुसती डोकेफोड.

लेखी परवानगीशिवाय कशालाही हात लावायचा नाही, 'नुसतं स्कॅन', म्हणजे यंत्रणेत शिरायला कुठे फट आहे हे चाचपणं, तेसुद्धा नाही. उलट हल्ल्याच्या भानगडीत तर पडूच नकोस. युक्रेनच्या 'आयटी आर्मी'त, म्हणजे रशियावर सायबर हल्ले करणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटात, 2022 साली जगभरातून लोक शिरले खरे, पण युद्धात थेट भाग घेणारा नागरिक युद्धाच्या कायद्याने त्याला मिळणारं संरक्षण गमावू शकतो. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने 2023 मध्ये अशा हॅकर्ससाठी आठ नियम काढलेत, ते वाच. आणि हो, ऑफिसात साहेबांना आत्ताच कल्पना देऊन ठेव. मोठा हल्ला झाला की रजा लागतेच.